पाचकळ विनोदाचं छापील झिन : नऊ अंक झाले, काही अनुभव, काही प्रश्न

दोन_पिना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमच्या झिनचा, म्हणजे स्वतःच लिहून, छापून वाटायच्या छोट्या नियतकालिकाचा, नववा अंक वाटून संपला. १६ पानं, ए-४ कागद मधोमध दुमडलेला, दोन पिना, काळी शाई, १५० प्रती. आम्ही तिघं आहोत. संपादन आणि पानांची जुळणी माझ्याकडे, चित्रं एक मैत्रीण काढते आणि पाकिटं, पत्ते, हिशेब तिसरा मित्र सांभाळतो. विषय पहिल्या अंकापासून एकच, हलका विनोद. पादणं, ढेकर, उचकी, घसरून पडणं, ऐन वेळी उसवलेली विजार, नाकात गेलेलं बोट, काचेच्या दारावर आपटलेलं कपाळ. राजकीय उपहास आम्ही घेत नाही, साहित्यिक कोट्याही नाही. ते करणारे पुष्कळ आहेत आणि छान करतात. आम्हाला शरीराची फजिती हवी असते.

पाचकळ, आचरट, वात्रट, चावट, अचकटविचकट, थिल्लर हे सगळे शब्द आपण एकाच टोपलीत टाकतो. आलेलं लिखाण निवडताना मला त्यांच्यातला फरक हळूहळू कळत गेला. पाचकळ विनोद शब्दाला इतका ताणतो की ऐकणारा कपाळावर हात मारतो. आचरटाला कसलंच कारण लागत नाही. वात्रटपणात खोडी असते, म्हणजे समोर कुणीतरी लागतं. चावटपणात सूचना असते. थिल्लर मात्र मी परत पाठवतो. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे उथळ डबकं. पादण्यावरचा विनोद थिल्लर असतोच असं नाही. ज्याने त्यावर मेहनत घेतली नाही त्याचा विनोद थिल्लर होतो, मग विषय कितीही उच्च असो.

मेहनत म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. सहाव्या अंकासाठी एक चित्रकथा आली होती. वाचनालय, शांतता, बारा माणसं पुस्तकात डोकं घालून बसलेली, त्यातल्या एकाच्या पोटात गडबड. मूळ मांडणी एकाच पानावर चार चौकटींची होती आणि चौथ्या चौकटीत मोठ्या अक्षरात 'पुर्रर्र'. हसू येत होतं, पण तेवढंच. आम्ही तिघं दोन संध्याकाळी त्या एका पानावर बसलो. शेवटी तीन चौकटी पाचव्या पानावर ठेवल्या. तिसऱ्या चौकटीत फक्त टेबलाखालचं दृश्य, बुटातून बाहेर काढलेला एक पाय आणि त्याची आवळलेली बोटं. तिथे पान संपतं. उलटलं की सहावं पान जवळजवळ कोरं. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'फुस्स'. आणि वर बाराही जणांनी आपापलं पुस्तक नाकापर्यंत उचललेलं, नुसते डोळे दिसतात, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय. ज्याने केलं तोही.

'पुर्रर्र'चं 'फुस्स' केलं, कारण मोठ्या आवाजात चोर लगेच सापडतो आणि विनोद तिथेच संपतो. 'फुस्स'मध्ये बारा जण संशयित असतात आणि वाचक तेरावा.

पानाचंही तसंच. विषम पान उजवीकडे असतं, त्यानंतर पान उलटावं लागतं. तयारी विषम पानाच्या तळाशी संपली पाहिजे आणि दणका सम पानावर यायला हवा. दुसऱ्या अंकात हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांत चांगली गोष्ट आम्ही ६ आणि ७ या समोरासमोरच्या पानांवर छापली. वाचकाची नजर आधी उजवीकडच्या मोठ्या चित्रावर गेली, मग डावीकडची तयारी वाचली. १५० प्रतींत एक चांगला विनोद मेला, त्याचं दुःख मला अजून आहे.

चौथ्या अंकातली चूक याहून मोठी. तोतरं बोलणाऱ्या माणसावरचा एक मजकूर आम्ही छापला. मला वाटलं, उच्चाराची गंमत आहे. एका वाचकाचं पत्र आलं. त्यांनी रागाचा एकही शब्द लिहिला नव्हता. झिन आवडायचं म्हणून मुलाला वाचायला दिलं, त्या पानावर तो थांबला आणि त्याने अंक मिटून ठेवला, एवढंच लिहिलं होतं. पाचव्या अंकात पहिल्याच पानावर माफी मागितली. तेव्हापासून नियम आहे : शरीर जे करतं त्यावर हसायचं, शरीर जसं आहे त्यावर नाही. ढेकर सगळ्यांना येते. तोतरेपणा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आता प्रश्न. पानं वाढवावीत का? झेरॉक्स सोडून रिसोवर (शाईच्या छपाईयंत्रावर) जावं का? लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना नाव द्यायचं नसतं, ते कसं सांभाळता? अंक पीडीएफ म्हणून टाकावा का? आणि शेवटचा, जो मनाला लागलाय. एका झिन मेळाव्यात टेबल मागितलं होतं. आयोजकांनी कळवलं की आमचं प्रकाशन त्यांच्या दर्जात बसत नाही. त्यांनी अंक मागवून घेतला होता, म्हणजे बघूनच ठरवलं असणार. अशा वेळी काय उत्तर देता?

---

वाचनवेडी

वाचनखूण साठवली. वाचनालयाचं चित्र न बघताच हसले. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

जुळारी

छपाईत बरीच वर्षं गेली, म्हणून पानांचं आधी.

मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत वाढतात. एक कागद वाढवला की चार पानं, म्हणजे १६ नंतर २०. एका कागदाच्या एकाच बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकाने जास्त असते. १६ पानी अंकात १६ आणि १ शेजारी, त्यांच्या पाठीमागे २ आणि १५. प्रत्येक जोडी १७. वीस पानी अंकात २१. डमी न करता कुणी जुळणीला बसत असेल तर निदान ही बेरीज तरी तपासावी. मी मात्र अजूनही कोरे कागद दुमडून, पेन्सिलीने आकडे घालून डमी करतो आणि मगच बसतो.

तुमच्यासाठी यातली खरी अडचण वेगळी आहे. तुमचा विनोद पान उलटण्यावर उभा आहे. शेवटच्या क्षणी मध्ये एकच पान घुसवलं तर पुढची सगळी विषम पानं सम होतात आणि पुढचा प्रत्येक दणका समोरासमोर येऊन उघडा पडतो. भर घालायची तर दोन-दोन पानांनी घाला. जाहिरात, वाचकांची पत्रं, छोटे चुटके अशी न उलटणारी पानं हाताशी ठेवा, ती पाचरीसारखी कामाला येतात. आणि मधलं जोडपान, तुमच्याकडे ८-९, हे एकाच सलग कागदावर येतं. मोठं, गर्दीचं चित्र तिथेच टाका. वीस पानांत ते १०-११ होईल.

पानं वाढली की आतले कागद कडेने बाहेर सरकतात. १६-२० पानांना फारसा फरक पडत नाही. त्यापुढे कडा कापून घ्यावी लागते, म्हणून मजकूर बाहेरच्या कडेला चिकटवू नका. झेरॉक्स यंत्र तसंही कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही.

रिसोबद्दल. ज्यांनी सायक्लोस्टाइल बघितलंय त्यांना पटकन कळेल, तत्त्व तेच. मास्टर नावाच्या पातळ पडद्यावर बारीक भोकं पडतात, तो ड्रमवर गुंडाळला जातो, आतली शाई भोकांतून कागदावर येते. एका रंगाला एक ड्रम. मास्टरचा खर्च पहिल्याच प्रतीला होतो, म्हणून पाच-दहा प्रतींना रिसो महाग आणि प्रती वाढत गेल्या की स्वस्त. तुमच्या १५० ला हिशेब बसेल. मात्र शाई उष्णतेने पक्की होत नाही, बोटांना लागते. गुळगुळीत कागदावर तर वाळतच नाही, शाई शोषणारा साधा कागद लागतो. भरीव काळे भाग मोठे असतील तर समोरच्या पानावर डाग उठतात. तुमचं 'जवळजवळ कोरं' सहावं पान तिथे खराब होईल. मी असतो तर झेरॉक्सवरच राहिलो असतो आणि मुखपृष्ठ तेवढं रिसोवर दोन रंगांत केलं असतं.

---

कागदबोका

जुळारीकाकांशी सहमत. नावांचं आमच्याकडे असं आहे : खरं नाव एकाच माणसाला माहीत असतं आणि ते कुठेही टंकलेलं नसतं. टोपणनाव लेखक स्वतः ठरवतो आणि अंकागणिक बदलू शकतो. मजकुराचे हक्क लेखकाकडेच. प्रत्येकाला पाच प्रती. निनावी लेखकाला प्रती पोचवायच्या कशा हा प्रश्न पहिल्याच अंकात येतो, त्याची सोय आधी करून ठेवा.

पीडीएफबद्दल, छापील प्रती संपल्यावर टाका. दोन फायली करा, एक दुमडून छापण्यासाठी जुळवलेली, दुसरी वाचण्यासाठी सुट्या पानांची. मोबाइलवर एका वेळी एकच पान दिसतं, त्यामुळे तुमचा दणका तिथे उलट जास्त सुरक्षित आहे. मरतं ते मधलं जोडपान.

---

अवग्रह

'पुर्रर्र'चं 'फुस्स' केलंत ते वाचून राहवलं नाही, कारण या विषयावर मला कुणी बोलूच देत नाही.

आपल्या भाषेत आवाजाची श्रीमंती आहे आणि विनोद लिहिणारे तीन-चार शब्दांवर भागवतात. जोडाक्षराचा शेवट ऐका. 'स्स' हवा सोडतो, 'र्र' थरथरतो, 'प्प' बंद होतो. 'धप्प' पडलेला माणूस जमिनीवर पोचलाय. 'धपाक' पडलेल्याला वाटेत थोडी हवा लागलीय. 'बदकन' म्हणजे अंगाने जड आणि खाली काहीतरी मऊ. 'फतक'मध्ये ओल आहे. 'कन' लावलं की प्रसंग एका क्षणाचा होतो : पचकन, भसकन, सुर्रकन. ते काढून घेतलं की आवाज रेंगाळतो. आणि लांबवायचं असेल तर आपला ऽ, म्हणजे अवग्रह, आहे. 'भोंऽऽऽ'मध्ये प्रत्येक अवग्रहाला वाचकाचा श्वास थोडा पुढे जातो. रोमन लिपीत लांबवायला तेच अक्षर पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र चिन्ह आहे.

हाताने अक्षरं काढणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला एक सांगा. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. शिरोरेषा हीच दोरी समजून काढा. ती थरथरवली की सगळा शब्द थरथरतो. घसरून पडण्याच्या चित्रात ती मध्येच तोडली की पुढची अक्षरं खरोखर खाली पडतात. मी एकदा 'धपाक'मधला 'धपा' वर ठेवून 'क' पानाच्या तळाशी काढला होता. वाचणाऱ्याची मान आपोआप खाली जाते.

अवांतर : पादणे हे क्रियापद संस्कृत 'पर्द्' धातूवरून आलं. त्याच मुळाची शाखा ग्रीकमध्ये आहे आणि इंग्रजीतला 'फार्ट'ही त्याच घराण्यातला. हजारो वर्षांत देश बदलले, लिपी बदलल्या, आणि हा शब्द लेकरासारखा कडेवर घेऊन सगळे चालत राहिले. मला याचं फार अप्रूप वाटतं.

---

दोन_पिना

अवग्रह, शिरोरेषेचं वाचून मैत्रीण सरळ कागद घेऊन बसली. तुम्ही आमच्यासाठी एक पान लिहाल का? आवाजांचंच.

जुळारीकाका, पाचरीची पानं ही कल्पना चार अंक आधी मिळाली असती तर! मनापासून आभार. मुखपृष्ठाचं तसंच करतो.

---

सहृदय

आयोजकांच्या 'दर्जा'वर थोडं.

नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम पात्रांचे, शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसत नाहीत, गाल किंचित फुलतात. अतिहसितात डोळ्यांत पाणी, आवाज चढलेला आणि हात दोन्ही कुशींवर. म्हणजे पोट धरून, डोळे पुसत आपण जे हसतो ते शास्त्राने तळाच्या पायरीवर ठेवलंय. पण ठेवलंय, हे महत्त्वाचं. वगळलेलं नाही. नटाला तेही करता आलं पाहिजे म्हणून त्याचे डोळे, आवाज, हात सगळं लिहून ठेवलंय.

दुसरी गोष्ट संपादक म्हणून तुमच्या उपयोगाची. काव्यप्रकाश या संस्कृत ग्रंथात मम्मटाने अश्लील या दोषाचे तीन प्रकार केलेत : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. आलेला मजकूर या तीन ढिगांत टाकून बघा. तुमच्या झिनमध्ये किळस बरीच आहे, लाज थोडी, अमंगळ, म्हणजे मरणाकडे बोट दाखवणारं, जवळजवळ नाही असं दिसतंय. कुठला ढीग किती उंच करायचा हे ठरलं की अंकाचा स्वभाव ठरतो. मेळाव्याला हे लिहून पाठवा.

---

कोरी_बाजू

सहृदय, माहिती सुंदर आहे, पण शेवटच्या वाक्याशी अजिबात सहमत नाही.

पादण्याच्या विनोदाला भरतमुनींचं प्रमाणपत्र जोडलं की तो विनोद राहत नाही, व्याख्यान होतं. हा प्रकार मी खूप बघितलाय. कुणी नाक मुरडलं की आपण धावत जाऊन जुना दाखला आणतो. सुमेरियन लोकांचा सुमारे इसवी सनपूर्व १९०० चा नोंदलेला विनोद, तरुण बायकोच्या पादण्यावरचा. ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नाटकात ढगांच्या गडगडाटाचा पोटातल्या गडबडीशी लावलेला संबंध. 'फिलोगेलोस' या ग्रीक चुटक्यांच्या संग्रहात तोंडाला वास येणाऱ्यांवरचे चुटके. सगळं खरं आहे, मलाही पाठ आहे. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की माणसं पूर्वीही हसायची. तुमचा नववा अंक चांगला आहे की नाही, हे त्या दाखल्यांवरून ठरत नाही. ते वाचनालयाच्या पानावरून ठरतं. मेळाव्याला काही पाठवायचं असेल तर तेवढं एक पान पाठवा, वर एक ओळही न लिहिता.

---

सहृदय

कोरी_बाजू, दाखला प्रतिष्ठेसाठी नव्हता, हत्यार म्हणून होता. तीन ढिगांचा उपयोग आहे असं मला अजूनही वाटतं. पण पान पाठवण्याची सूचना माझ्या सूचनेहून चांगली आहे, हे मान्य.

---

मागचं_पान

मेळाव्यात टेबल न मिळणं या प्रकाराला नवीन नाही. झिनची परंपराच मुळात ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती त्यांची. १९३० च्या दशकात विज्ञानकथांचे वाचक सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढून एकमेकांना पोस्टाने पाठवायचे आणि १९४० मध्ये त्याला 'फॅनझिन' हे नाव पडलं.

हलक्या विनोदात तुमचे सगळ्यांत जवळचे पूर्वज इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचं 'व्हिझ' हे विनोदी नियतकालिक. १९७९ च्या डिसेंबरात १५० प्रती, तुमच्याइतक्याच. घरातल्या एका खोलीत केलेला अंक, बहुतेक सगळा शरीराचा आणि शिव्यांचा विनोद. दहा-एक वर्षांत तो दहा लाखांवर गेला. मला त्यातला आकडा भावत नाही. भावतं हे की चित्रांची रेषा मुलांच्या साध्या विनोदी साप्ताहिकांसारखी नीटनेटकी ठेवली होती, आणि त्या नीटनेटकेपणामुळे आतला घाणेरडेपणा दुप्पट हसवायचा. तुमच्या मैत्रिणीची रेषा कशी आहे?

आणि पॅरिसचं 'हारा-किरी' हे उपहासाचं मासिक, १९६० पासूनचं. एका वाचकाने चिडून लिहिलं की तुम्ही मूर्ख आहात आणि वर दुष्टही आहात. त्यांनी तेच शब्द आपलं ब्रीद म्हणून अंकावर छापले. 'दर्जात बसत नाही' हे तीन शब्द मलपृष्ठावर शोभून दिसतील.

---

दोन_पिना

मागचं_पान, हे आमच्या तिसऱ्या मित्रालाही सुचलं होतं. मी नको म्हटलं. तो मेळावा भरवणारी माणसंही आमच्यासारखीच पदरमोड करून, रात्री जागून काम करतात. एका पत्रातलं वाक्य उचलून १५० प्रतींत छापलं तर ते एका माणसावर बोट दाखवणं होईल, आणि ती वात्रटपणाची वाट आम्हाला नको आहे. वाचनालयाचं पान मात्र पाठवतो.

रेषा अगदी स्वच्छ आहे. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते.

---

उशाशी_टॉर्च

दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहावं की नाही ते ठरत नव्हतं.

दोन_पिना, तुमचा नियम चांगला आहे, पण तो आमच्या घरात टिकत नाही. माझ्या वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, दीड वर्ष होईल. पोटावर स्टोमा, म्हणजे मल बाहेर पडायला केलेलं छिद्र, आहे, त्यावर पिशवी लावलेली असते. स्टोमाला आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे हवा कधी सुटणार हे माणसाच्या हातात राहत नाही. आवाज येतो, चांगला मोठा येतो, पोटाच्या पुढच्या बाजूने येतो. कधी पिशवीत हवा भरून ती शर्टाखाली फुगते. वास शोषायला पिशवीला कोळशाची गाळणी असते, पण ती आवाज थांबवत नाही.

आता हे शरीर जे करतं ते आहे, की शरीर जसं आहे ते? तुमच्या नियमाने बाबांवर हसायचं की नाही?

पहिले दोन महिने ते कुणाला भेटलेच नाहीत. आवाज आला की खोकायचे, खुर्ची सरकवायचे, आम्ही टीव्ही मोठा करायचो. सगळं घर नाटक करत होतं. मग एका रात्री मी पिशवी बदलायला बसले होते, वीज गेलेली, टॉर्च दातात धरलेला. जुनी काढली, नवी लावायच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटात एवढा मोठा आवाज आला की माझ्या तोंडातून टॉर्च पडला. अंधार. आणि अंधारात बाबा अगदी गंभीरपणे म्हणाले, "गाडी फलाटावर येत आहे." आम्ही दोघं इतके हसलो की आई धावत आली. तिला वाटलं आम्ही रडतोय.

त्या रात्रीपासून त्याचं नाव भोंगा. आता भोंगा वाजला की ते गाडीचं नाव सांगतात. लोकांना भेटायला लागलेत. पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकतात, भोंगा वाजेल, घाबरू नका. समोरचा माणूस आधी हसावं की नाही या संकटात पडतो, मग हसतो, मग बोलणं सुरू होतं.

तुमच्या चौथ्या अंकातली चूक चूकच होती. पण नियमात कोण सांगतंय हे कुठेच नाही. बाबांचा विनोद दुसऱ्या कुणी, त्यांना न विचारता छापला असता तर मी तुम्हाला त्या वाचकासारखंच पत्र लिहिलं असतं.

---

अवग्रह

गाडी फलाटावर येत आहे. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

कोरी_बाजू

+१. या प्रतिसादानंतर मला माझं काही म्हणायचं उरलं नाही.

---

दोन_पिना

उशाशी_टॉर्च, तुमचा प्रतिसाद आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचला.

नियमाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तोतरेपणावरचा तो मजकूर ज्याने लिहिला तो तोतरं बोलत नव्हता, आणि हा प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता. आता मजकूर आला की आधी विचारणार, हे कुणाचं शरीर आहे? लिहिणाऱ्याचं स्वतःचं, सगळ्यांचं, की तिसऱ्याच कुणाचं? तिसऱ्याचं असेल तर त्याने वाचलंय का? निनावी लिहिणाऱ्यांनाही हे विचारावं लागेल. तिथे काम वाढेल, वाढू दे.

एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी काही वाटणार नाही. दहाव्या अंकात हे बाबांच्या शब्दांत छापता येईल का? नाव नको असेल तर नको. अंक २० पानी करतोय.

---

उशाशी_टॉर्च

विचारलं. आधी "कोण वाचणार" म्हणाले, मग रात्री जेवताना स्वतःच विषय काढला. तयार आहेत. दोन अटी आहेत. लोकांनी कीव करावी असं एकही वाक्य नको. आणि आवाज 'पुर्र' लिहायचा नाही, तो तसा येतच नाही. त्यांच्या मते तो 'भ्रूंऽऽप्' असा आहे, शेवटी झाकण बसल्यासारखा.

---

अवग्रह

'भ्रूंऽऽप्'! शेवटचा पाय मोडलेला 'प्' बरोब्बर आहे. पिशवी लावली की आवाज तिथेच अडतो ना? त्यांचा कान फार पक्का आहे.

---

जुळारी

दोन_पिना, वीस पानांत ही गोष्ट ८ पासून सुरू करा. टॉर्च पडतो तिथे ९ संपवा. उलटल्यावर १०-११ हे मधलं जोडपान, पूर्ण काळं, अंधार, आणि त्यात पांढऱ्या अक्षरात गाडीचं वाक्य. एवढं भरीव काळं झेरॉक्सवर पट्टेपट्टे येतं, म्हणून आधी एक प्रत काढून बघा आणि तेवढा एक कागद चांगल्या यंत्रावर करून घ्या. मधला कागद सुटा असतो, बाकीच्यांबरोबर छापायची गरज नाही.

---

दोन_पिना

तसंच करतो. मैत्रीण म्हणतेय 'भ्रूंऽऽप्' ती काढणार नाही. बाबा काढतील का?

---

उशाशी_टॉर्च

कागद दिलाय. सकाळपासून सात-आठ वेळा काढून झालं, पसंत पडत नाही म्हणतात. हात थोडा थरथरतो, शिरोरेषा सरळ येत नाही.

---

जुळारी

ती सरळ करू नका, कुणाला करूही देऊ नका. काळ्या पेनाने, पांढऱ्या कागदावर, छापायचंय त्याच्या दुप्पट आकारात काढायला सांगा. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), नुसतं काळं-पांढरं, मध्ये राखाडी नको. आधीचे सगळे कागदही जपून ठेवा.